पडणाऱ्या पक्षाचे अप्पा

आमचा पक्ष पडणार असं ज्या दिवशी पेपरात छापून यायचं, त्या दिवशी अप्पा न चुकता दाढी करायचे. एरवी त्यांच्या गालांवर तीन-चार दिवसांची पांढरी खुंटं असायची. आंब्याच्या कलमांना माझ्या तोंडाशी काय करायचंय, असं त्यांचं म्हणणं. पण अंदाज विरुद्ध गेला की नवीन ब्लेड निघायचं, इस्त्रीचा सदरा निघायचा आणि सकाळच्या एसटीनं स्वारी थेट रत्नागिरीच्या बाजारात. रामआळीतून सावकाश एक फेरी, मग मच्छी मार्केट. आमचे बाकीचे पुढारी अशा दिवशी हिवताप भरल्यासारखे पांघरूण घेऊन घरात पडलेले असत.

मार्केटात तर अप्पांची वाटच बघत असत. "काय वो अप्पा, आज चकाचक! पडताय म्हनं तुमी?" एखादी मासेवाली लांबूनच ओरडायची. "पडतोय की! म्हणून तर जपून चालतोय. बांगडा कसा दिलास ते सांग," अप्पा म्हणायचे, आणि आजूबाजूच्या चार-पाच जणी खदाखदा हसायच्या. एकदा मी त्यांना रागानंच विचारलं, की हे स्वतःचं हसं करून घेण्यात काय मिळतं तुम्हाला? तर म्हणाले, "अगो, आज लोकांना चिडवायचं असतं. आपण दडी मारून बसलो तर त्यांनी चिडवायचं कोणाला? आणि एकदा मनासारखं चिडवून झालं की माणूस बोलायला मोकळा होतो. मग तो आपलंही दोन मिनिटं ऐकतो."

त्या काळी कोर्टाच्या रस्त्याला माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान होतं. पक्षाची पत्रकं माझ्याकडे यायची, आणि पत्रकांच्या मागोमाग पक्षही हळूहळू माझ्या गळ्यात पडला. पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यातले निम्मे लोक आज दुसरीकडे आहेत आणि उरलेल्या निम्म्यांना ते दिवस आठवलेले आवडत नाहीत. अठ्ठ्याण्णव सालच्या लोकसभेच्या वेळी मी तिशीत होते, डोकं कायम तापलेलं, आणि टीव्हीवर आमच्या जागा कमी दाखवल्या की तो टीव्ही उचलून विहिरीत टाकावा असं वाटायचं. टीव्ही अप्पांचा होता म्हणून वाचला. अप्पा मला "मालकीण" म्हणायचे. दुकानात मशिनं दोन आणि नोकर शून्य, त्यामुळे त्या हाकेत चेष्टाच जास्त होती.

अंदाजांचा कार्यक्रम असला की आम्ही सगळे शिरगावच्या रस्त्याला अप्पांच्या पडवीत जमायचो. त्यांचा नियम एकच होता, कार्यक्रम अर्धवट सोडून उठायचं नाही. "आपल्याबद्दल लोक काय बोलतायत ते शेजाऱ्याला ठाऊक आणि आपल्याला नाही, असं कसं चालेल?" त्यांची बायको, माई, सगळ्यांना कोकमाचं सरबत द्यायच्या आणि माझ्या पेल्यात साखर अंमळ जास्त घालायच्या, तेवढंच डोकं थंड राहील म्हणून. एकदा आमचे आकडे पडद्यावर आले आणि दिगू, आमचा सगळ्यात उत्साही कार्यकर्ता, ताडकन उठला. "विकले गेलेत हे सगळे! पैसे खाल्लेत!" अप्पांनी त्याच्याकडे मान वळवून शांतपणे विचारलं, "मागच्या वेळी यांनीच आपल्याला जास्त दाखवलं होतं, तेव्हा पैसे कोणी दिले होते रे? तू?" दिगू खाली बसला. सरबत प्यायला.

तेव्हा फेब्रुवारी होता आणि त्या वर्षी बागांमधला मोहोर धुक्यानं बराचसा करपून गेला होता. दुसऱ्या दिवशी मी अप्पांकडे गेले तर ते गोफण घेऊन बागेच्या दगडी गडग्यावर बसलेले, वानरांची राखण करत. मी म्हटलं, "झाडावर आहे काय राखायला?" तर हसले. "भरघोस पीक असलं तर वानरांनी चार खाल्ले तरी कळत नाही गो. कमी असतं तेव्हाच राखण हवी. तुझ्या पक्षाचंही तसंच आहे." पक्ष माझा झाला, ही तर नवीनच बातमी होती. पण त्यानंतर अंदाज वाईट आला म्हणून मी दुकानाचं शटर ओढून घेतलं असं कधी झालं नाही.

पुढे काही वर्षांनी विधानसभा आली. आमच्याकडे उमेदवारच नव्हता. जे उभे राहण्यासारखे होते ते वारा बघून बसून राहिले. तेव्हा अप्पा उठले आणि डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणजे आमच्या भागातले सगळ्यांचे डॉक्टर; पंचवीस वर्षं एकच दवाखाना, एकच लाकडी बाक, आणि नाडी बघता बघता पोराला पाढे विचारायची सवय. अप्पांची आणि त्यांची मैत्री जुनी, पण अहो-जाहो कधी सुटलं नव्हतं. मी बरोबर होते. अप्पांनी उभं राहायची गळ घातली, ती डॉक्टरांनी ऐकून घेतली. मग म्हणाले, "अप्पा, निवडून येण्या-न येण्याचं मला काही नाही. पण मी एका बाजूचा झालो तर उरलेले माझ्याकडे येतील का? माझं सगळं जे आहे ते हा दवाखाना. तो गेला तर मी उठून कुठे जाऊ?"

"दवाखाना जात नाही. ती जबाबदारी माझी," अप्पा म्हणाले. त्यांच्या या एका शब्दावर डॉक्टरांनी अर्ज भरला.

मतदानाला पंधरवडा असताना अंदाज आले. आमचा पक्ष राज्यात साफ, आणि रत्नागिरीच्या जागेबद्दल तर टीव्हीवरच्या माणसानं अर्धं वाक्यसुद्धा खर्च केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर प्रचाराला बाहेरच पडले नाहीत. आम्ही गेलो तर आरामखुर्चीत बसलेले. "अप्पा, नाव मागे घेता येईल का?"

"मुदत संपली."

"मग मी घरी बसतो. कशाला लोकांना त्रास?"

अप्पा त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. इतकं सलग बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलं असेल. "डॉक्टर, टीव्हीवाला खोटं बोलत नाही. आज बहुतेक लोक तिकडे आहेत, हे खरंच आहे. तुम्ही पडणार. पण या वाड्यांमध्ये काही माणसं अशी आहेत, की त्यांना हे ठाऊक आहे आणि तरी ती भातकापणी टाकून, उन्हात रांग लावून तुम्हाला मत देणार आहेत. जिंकणाऱ्याला मत द्यायला काय लागतं? पडणाऱ्याला द्यायला धाडस लागतं. ती माणसं तुम्हाला शोधत दारात उभी असणार, आणि तुम्ही घरी बसणार?" डॉक्टर उठले. चपला घातल्या. आम्ही त्या दिवशी दुपारपर्यंत तीन वाड्या केल्या.

त्याच संध्याकाळी दिगू माझ्या दुकानात एक कागद घेऊन आला. "पाचशे प्रती काढ." वाचलं तर कुठल्याशा न ऐकलेल्या संस्थेचं सर्वेक्षण, आणि त्यात डॉक्टर सगळ्यांच्या पुढे! संस्था दिगूच्या घरच्या माळ्यावरच जन्मली होती, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मला मोह झाला, उगाच नाही म्हणत नाही. निदान एक दिवस तरी समोरच्यांची झोप उडाली असती. पण अप्पा बाकावर चहा पीत बसले होते. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला, घडी घातली आणि खिशात टाकला. "दिगू, अक्षर छान आहे तुझं. पण हे वाचून समोरचे घाबरणार नाहीत. आपलेच खूश होऊन घरी बसतील. खोट्या आकड्यानं नुकसान होतं ते आपल्याच माणसांचं." दिगू फुरंगटला. मग अप्पांनी त्यालाच बरोबर घेतलं आणि उरलेले दिवस रोज फिरवलं.

फिरायची त्यांची रीतही वेगळी होती. आम्हाला वाटायचं की कुंपणावरच्यांना गाठावं, पलीकडच्यांना ओढावं. अप्पा आधी आपल्याच घरांत शिरायचे. "पडणार म्हटल्यावर आधी आपला माणूस खचतो. त्याला वाटतं, आपण एकटेच उरलो. त्याच्या ओटीवर नुसतं जाऊन बसायचं. पाणी मागायचं. पुरे." एका घरी आईनं मुंबईच्या मुलाला येऊ नको म्हणून कळवलं होतं, तुमचे डॉक्टर पडणारच तर पोराची रजा कशाला फुकट घालवू, असा तिचा रोकडा सवाल. अप्पा म्हणाले, "डॉक्टरांसाठी नको बोलावूस. कापणीला बोलाव. आलाच आहे तर मतही देईल." मुलगा आला. भात कापलं, मत दिलं आणि जाताना डॉक्टरांच्या पाया पडून गेला.

मतदानाच्या दिवशी शाळेपासून ठरावीक अंतरावर सगळ्या पक्षांची टेबलं लागली होती. यादीत नाव शोधून नंबराची चिठ्ठी लिहून द्यायची, एवढंच तिथलं काम. चिठ्ठी कुठल्याही टेबलावरची चालते, पण कोण कुठल्या टेबलाशी थांबतंय हे सगळं गाव बघत असतं. त्यामुळे जिंकणाऱ्यांच्या टेबलाशी जत्रा आणि आमच्याकडे अप्पा, मी आणि एक कुत्रं. लोक आमच्यासमोरून जाताना एकदम आभाळाकडे तरी बघत, नाहीतर पायांकडे. भागीआजी आली. दोन पावसाळ्यांपूर्वी न्यूमोनियात तिची आशा सोडली होती, तिला डॉक्टरांनीच उठवून बसवलं होतं. तिनं आम्हाला पाहिलं, पदर असा काही पुढे ओढला की वाट दिसते की नाही कोण जाणे, आणि ती पलीकडच्या टेबलाकडे गेली. माझं डोकं सणकलं. "बघा! हिला डॉक्टरांनी मरणातून ओढून काढली!"

"गप बस," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "मत म्हणजे काय औषधाची परतफेड आहे?" आणि आजी परत जाताना त्यांनी हाक मारून विचारलं, "आजी, पाय कसा आहे?" आजीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आम्ही पडलो. टीव्हीवाल्यानं सांगितलं होतं त्याहून जास्तच पडलो. मतमोजणीला आमचे बाकीचे प्रतिनिधी तिसऱ्या फेरीनंतर जेवायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. अप्पा शेवटची फेरी होईपर्यंत बसले, सही केली, निवडून आलेल्याच्या गळ्यात हार पडत होते तिथे गर्दीत घुसून त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आमच्याकडचा रस्ता तेवढा बघा." मग मंडपवाल्याचं टेबल आणि खुर्च्या टेम्पोत घालून स्वतः पोचवून आले.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी दवाखाना उघडला आणि कोणी आलंच नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, घरोघरी ताप, खोकले; दुसऱ्या डॉक्टरकडे उभं राहायला जागा नाही, आणि इथला लाकडी बाक रिकामा. डॉक्टर सकाळी येऊन टेबल पुसायचे, इंजेक्शनच्या सुया उकळायचे, जुनी मासिकं वाचत बसायचे. अप्पा आणि मी गेलो तेव्हा त्यांनी आमच्याकडे न बघता सांगितलं, "मुलगी पुण्याला बोलावतेय. जावं म्हणतोय. आमदार म्हणून नको म्हणाले, ते मी हसत सोसलं असतं. पण अप्पा, आता मी लोकांना डॉक्टर म्हणूनसुद्धा नको झालो."

समोरचा चहा तसाच ठेवून अप्पा उठले. रस्त्यानं चालताना मला म्हणाले, "शब्द दिला होता गो मी त्यांना." त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. निवडणुका हरून ज्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, तो माणूस त्या दिवशी घाबरला होता, आणि त्यांना घाबरलेलं बघून मला रडू आलं.

दोन दिवसांनी अप्पा एसटीतून उतरून तडक माझ्या दुकानात शिरले. डोळ्यांत पाणी, आणि हसणं थांबत नव्हतं. गाडीत भागीआजी त्यांच्या पुढच्याच सीटवर होती. सारखी खोकत होती. अप्पांना बघितल्यावर तिनं तोंड खिडकीकडे केलं ते केलंच. शेवटी अप्पांनीच विचारलं, "आजी, खोकला कधीपासून? डॉक्टरांकडे का गेली नाहीस?" आजी आणखी एकदा खोकली. मग म्हणाली, "कनच्या तोंडानं जाऊ? त्यानी इचारलं तर?"

"काय विचारतील?"

"मत कुनाला दिलंस म्हनून."

"मालकीण," अप्पा माझ्या काउंटरवर हात आपटून म्हणाले, "लोकांना डॉक्टर नको झालेले नाहीत! लोक लाजतायत! सगळं गाव तिकडे मत देऊन आता इकडे तोंड दाखवायला लाजतंय. आणि हा शहाणा माणूस पुण्याला निघालाय!"

त्या संध्याकाळपासून आमचा दुसरा प्रचार सुरू झाला. याद्या त्याच, वाड्या त्याच. फक्त या वेळी आपली घरं वगळायची आणि पलीकडच्यांच्या ओटीवर चढायचं. अप्पा सरळ मुद्द्यावर यायचे. "तुम्ही डॉक्टरांना मत दिलं नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे. डॉक्टरांनाही ठाऊक आहे. त्याचं काही नाही. घरात तापानं कोण पडलंय?"

"नाय वो अप्पा, आमी डॉक्टरनाच दिलं," लोक शपथेवर सांगायचे.

"बरं, दिलंत. ताप आहे की नाही?"

इतकी मतं जर खरोखर पडली असती तर डॉक्टर मुख्यमंत्री झाले असते. दिगूला हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. हरलो ते हरलो आणि वर यांच्या दारात जायचं, म्हणून तो धुसफुसत होता. पण तापानं फणफणलेल्या एका पोराला सायकलवर बसवून दवाखान्यात आणायला निघाला तोही दिगूच.

सोमवारी सकाळी मी दवाखान्यात गेले तेव्हा बाक भरलेला होता आणि काही जण भिंतीला टेकून उभे होते. मास्तरांच्या खोलीबाहेर उभी केलेली पोरं असतात तशी सगळ्यांची तोंडं झाली होती. अप्पा बाहेर पायरीवर बसले होते. आत यायला तयार नव्हते. डॉक्टरांनी पडदा बाजूला केला, समोरची माणसं पाहिली आणि पडदा हातात धरून ते तसेच उभे राहिले. पहिला नंबर भागीआजीचा होता. ती उठली, आत न जाता तिथेच उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डॉक्टर, आदी सांगते. मी तुमाला मत दिलं नाय."

बाकावरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. डॉक्टरांनी पडदा सोडला, आजीच्या जवळ आले आणि तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाले, "असू दे. जीभ दाखव."

आजीनं जीभ बाहेर काढली. पहिलं कोण हसलं ते आठवत नाही, पण मग सगळा दवाखाना हसत होता, खोकत होता, पुन्हा हसत होता. मी बाहेर पायरीकडे बघितलं तर अप्पा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. माझ्याकडे बघून त्यांनी नुसता हात हलवला, जा, आत जा, गर्दी आवर, असा.

डॉक्टर पुण्याला गेले नाहीत. निवडणुकीलाही पुन्हा उभे राहिले नाहीत, आणि अप्पांनी त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही. अप्पा त्यानंतर तीन हंगाम काढून गेले, आंब्याच्या पेट्या भरता भरताच, बसल्या जागी. सगळ्यात आधी डॉक्टर पोचले होते, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. खांदा द्यायला आमचे होते त्याहून जास्त पलीकडचे होते. निवडून आलेले आमदारही आले, आणि रस्त्याचं राहूनच गेलं, असं माईंजवळ म्हणाले.

महिन्याभरानं मला ताप आला म्हणून दवाखान्यात गेले. बाक नेहमीसारखा भरलेला. डॉक्टरांनी तपासलं, पुडी बांधली, आणि बांधता बांधता थांबून म्हणाले, "लोक म्हणतात, अप्पांनी एवढ्या निवडणुका केल्या, पण एक माणूस काही त्यांना निवडून आणता आला नाही."

अप्पांची इतकी आठवण आली की मी डोळे पुसले.

"मला आणलं की," पडदा बाजूला करून भरलेल्या बाकाकडे बघत डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.